गाडी उशिरा ऐकते

३ नोव्हेंबर, सोमवार

आज संध्याकाळी बाबा गाडी लावून आले, पाण्याचा पेला हातात घेतला आणि उभ्यानेच म्हणाले, "ही गाडी उशिरा ऐकते." पेडल दाबलं की ती आधी विचार करते आणि मग निघते, असं त्यांचं म्हणणं. चौकात सिग्नल सुटला तेव्हा मागच्याने हॉर्न वाजवला म्हणे. त्यांना ते फार लागलं असावं. निम्म्या गावाला त्यांनी गाडी शिकवली आहे. रस्त्यात लोक त्यांना मास्तर म्हणून हात करतात, हॉर्न नाही वाजवत.

गाडी माझ्या पसंतीची. दोन वर्षांपूर्वी जुनी विकली तेव्हा आता गिअर बदलायचा त्रास नको, म्हणून ही दोन पेडलांची मीच निवडली. बाबा तेव्हाच म्हणाले होते, ही गाडी नव्हे, पाळणा आहे. त्यामुळे गाडीची तक्रार मला माझीच तक्रार वाटते. वाटू नये, पण वाटते.

रात्रीच्या जेवणाला नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "उशिरा ऐकणारी माणसं घरात आहेत, त्यांचं आधी बघू या." स्वतःबद्दल म्हणाला की माझ्याबद्दल, ते विचारलं नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

दुसऱ्यांचे काटे तपासत फिरणाऱ्या बाईचं स्वतःचं वजन हरवलं. दोन ग्रॅमचं, पितळी, वाटाण्याएवढं.

आज सकाळी थेट बाजारातल्या दुकानांवर जायचं होतं म्हणून काल प्रमाण वजनांची पेटी घरी आणली. ते नियमाला धरून नाही, पण सगळेच आणतात. (सगळेच आणतात हे कारण मी दुकानदारांकडून कधी ऐकून घेत नाही.) खाली आईबाबांच्या दाराशी उजेड चांगला येतो म्हणून चपलांच्या घडवंचीशेजारी स्टुलावर बसून एकेक वजन फडक्याने पुसत होते. बेल वाजली, मांडीवरचा ट्रे सावरत उठले. तेव्हाच पडलं असणार. आज पहिल्याच दुकानात पेटी उघडली तर मखमलीतली दोन ग्रॅमची खाच रिकामी.

संध्याकाळी पायपुसणं झटकलं, घडवंची सरकवली, केरसुणीने कानाकोपरा काढला. आईने सुपलीत केर घेऊन दोनदा चाळला. नाही. उद्या साहेबांना लेखी कळवायचं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

९ नोव्हेंबर, रविवार

गाडीचं प्रकरण अंदाजावर सोडायचं नाही असं ठरवलं. कारण गंमत म्हणून चालवायची गाडी ही नाही. मावशी, म्हणजे आईची मोठी बहीण, बारा किलोमीटरवरच्या वृद्धाश्रमात असते आणि आईच्या हातूनच जेवते. नर्सने चमचा पुढे केला की तोंड मिटून घेते, आई नसेल त्या दिवशी नुसत्या दुधावर राहते. तिकडे बस जात नाही. आठवड्यातून चार दिवस बाबा आईला घेऊन जातात, आणि त्यांचा परवाना डिसेंबरअखेर संपतो आहे. नूतनीकरणाच्या वेळी गाडीमुळे काही घोळ व्हायला नको.

तेव्हा आज प्रयोग. गाडी जागेवर उभी, इंजिन चालू. फोनचा कॅमेरा इंजिनाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या काट्यावर लावला. मी "हं" म्हणायचं, बसलेल्याने पेडल दाबायचं. मग चित्रफितीत आवाजापासून काटा हलेपर्यंत किती चित्रं जातात ती मोजायची. सेकंदाला तीस चित्रं. प्रत्येकाच्या तीन नोंदी:

मी – १८, १९, १८.
नवरा – २१, १९, २०.
बाबा – ३६, ३३, ३७.

म्हणजे बाबांच्या हातात गाडी खरोखरच उशिरा ऐकते. जवळजवळ दुप्पट. यात माणसाचा स्वतःचा वेळही मिसळतो हे मला कळतं, पण तो तिघांचा सारखाच धरायला हरकत नसावी. मग फरक कशाने? खूप विचार केला. आम्ही दोघं पेडल तुडवतो. बाबा ते हळुवार दाबतात, चाळीस वर्षांचा सराव आहे. या गाडीला हळुवार पाय लवकर कळत नाही. आमच्या दोघांच्या नोंदी कच्च्या हाताच्या म्हणून रद्द केल्या आणि बाबांची खरी धरली. तिघांची सरासरी काढायचा मोह झाला होता, पण ते तज्ज्ञावर अन्याय केल्यासारखं झालं असतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज एका किराणा दुकानदाराचा काटा किलोमागे आठ ग्रॅम कमी दाखवत होता. बिचारा हवालदिल झालेला. काटा बदलावा लागणार, असंच धरून चालला होता. मी खाली वाकून पाहिलं तर टेबलाच्या एका पायाखालची चकती निसटली होती. ती सरकवली, पातळीचा बुडबुडा मध्यावर आला, काटा चोख. आमचे साहेब नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात: काट्याला दोष देण्याआधी तो कशावर ठेवलाय ते बघा. दुकानदाराने चहा देऊ केला. मी घेत नाही, पण दिवसभर स्वतःवर खूश होते.

संध्याकाळी गॅरेजवर. गॅरेजवाल्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून आधी ऐकतो आणि मगच बोलतो. तोही बाबांचाच विद्यार्थी. त्याने गाडी दोन चकरा फिरवली आणि गाडीला काहीही झालेलं नाही म्हणाला. मी नोंदींचा कागद दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला. यातली मास्तरांची नोंद कुठली, असं विचारलं. मी बोट ठेवलं. त्याने कागद घडी करून परत दिला, हात पुसले आणि म्हणाला, एकदा मास्तरांना माझ्या गाडीवर बसवून बघू या का? मी म्हटलं, बाबांची तक्रार तुझ्या गाडीबद्दल नाही. "तेही खरंच," म्हणाला.

मग मीच पेडलला जोडायच्या त्या पेटीचा विषय काढला. तिच्याबद्दल मी तीन दिवस वाचते आहे. पूर्वी पेडलपासून इंजिनापर्यंत तार असे, पाय ओढेल तसं इंजिन धावे. आता पेडल नुसतं संगणकाला कळवतं आणि तो ठरवतो. ही आगपेटीएवढी पेटी त्या दोघांच्या मध्ये बसते. डॉक्टर नाखूष होता. "ताई, ती गाडीला ताकद देत नाही. तुम्ही हळू बोललात तर पुढे जाऊन मोठ्याने सांगते, एवढंच. चुगलखोर बाई असते तशी." मी म्हटलं, आम्हाला तेवढंच हवं आहे. मागवायला सांगितली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पेटी बसली. एक ते नऊ अशा पायऱ्या आहेत. सगळं वाचून, दोनदा स्वतः चालवून बघून मी तीनवर ठेवली. पायरी दिसायला एक छोटा आकडा, बदलायला दोन बटणं, स्टिअरिंगच्या खाली.

बाबा एकटेच चक्कर मारून आले. उतरले, बॉनेटवर दोन थापा मारल्या आणि म्हणाले, "आता ऐकते." आत जाऊन आईला सांगत होते की तुझ्या लेकीने गाडीचे कान साफ केले. किती दिवसांनी ते असं मोकळं बोलले. मला अगदी भरून आलं. नंतर वाटलं, एवढ्याशा गोष्टीने भरून यावं इतकं मी काय मनाला लावून घेतलं होतं?

साहेबांनी हरवलेल्या वजनाचा अर्ज पुढे पाठवला. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

बाबांची चेष्टा झाली आज. वर आमच्याकडे आले ते एकाच पायात चप्पल घालून. उजवी खाली चौथ्या पायरीवर राहिली होती. नवऱ्याने विचारलं, दुसरी कुणाला शिकवणीला ठेवली का? बाबा हसले, पण खाली पायाकडे बघून मग हसले. विसरभोळेपणा वाढतो आहे, त्यावर लक्ष ठेवायला हवं. शब्दकोडी आणून देणार आहे.

आईने त्यांना पाय शेकायला पाणी दिलं होतं. मी टब उचलायला गेले तर हाताला चटका बसला. बाबा त्यात पाय सोडून निवांत पेपर वाचत होते. या वयातही त्यांची सहनशक्ती माझ्या दुप्पट आहे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आई साबणावर चिडली आहे. बाबांच्या एकाच मोज्याला, तळव्याशी, तपकिरी डाग पडतो आणि कितीही घासला तरी निघत नाही. मी म्हटलं, बुटाचा रंग उतरत असेल. बाबा गाडी चालवताना कायम तेच तपकिरी बूट घालतात. चप्पल घालून आलेल्या विद्यार्थ्याला ते परत पाठवत असत. नवा साबण आणून दिला.

गाडीबद्दल विचारलं तर म्हणाले, ठीक आहे, मध्ये जरा मंदावल्यासारखी वाटली, आता परत चांगली आहे. पेटीला सरावायला वेळ लागत असेल.

१ डिसेंबर, सोमवार

आज आई वाचली. हे वाक्य आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहिता येईल.

आश्रमाच्या अंगणात भिंतीलगत लोखंडी बाक आहे. बाबा आईला तिथे उतरवतात. ती बाकावर बसते, चष्मा पुसते, डबा नीट धरते आणि मग आत जाते. वर्षभर दर खेपेला हेच. आज ती बसली होती. तेवढ्यात फाटकावरच्या माणसाने हाक मारून सांगितलं की तुमच्या ताई आताच झोपल्यात. ते नीट ऐकू आलं नाही म्हणून ती उठून त्याच्याकडे चार पावलं गेली. बाबा गाडी बाकासमोरच्या जागेत लावत होते. गाडी एकदम उसळली, कठड्यावर चढली आणि बाक भिंतीपर्यंत रेटत नेला. बाक मधोमध वाकला आहे. मी जाऊन पाहून आले.

फाटकावरच्या माणसाने मला बाजूला घेऊन सांगितलं की मागचे लाल दिवे लागलेच नाहीत, मास्तरांनी ब्रेक दाबलाच नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले, "मी ब्रेकवरच होतो." घरी येताना मी चालवत होते, ते मागे बसले होते. तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, तरी परत म्हणाले, "ब्रेकवरच होतो मी."

 डबा अजून आईच्या पिशवीतच आहे, भरलेला.

मी ती पेटी आणली. मी बसवली.

२ डिसेंबर, मंगळवार

डॉक्टरने पेटी काढून माझ्या हातात ठेवली. पायरी सातवर होती. मी तीनवर ठेवली होती, याच वहीत लिहिलं आहे. बटण सैल असेल, किंवा पुसताना आईचा हात लागला असेल. डॉक्टरला विचारलं, बटणं आपोआप सरकू शकतात का? तो म्हणाला, यंत्राचं काय सांगावं. आणि लगेच दुसऱ्या गाडीखाली शिरला.

मी रोज आकडा तपासायला हवा होता. दुकानदाराला मी हेच ऐकवते, की सील लावलं म्हणजे जबाबदारी संपली नाही.

नवरा समजूत घालायला म्हणाला, "पेटी तू बसवलीस, पण पाय तर तुझा नव्हता ना." मी इतकी भडकले की काय बोलले ते लिहीत नाही. चाळीस वर्षांत ज्या पायाने एक कुत्रं चिरडलं नाही, त्या पायाबद्दल बोलायचा त्याला काय अधिकार? तो म्हणाला, बरं. आणि भांडी घासायला लागला.

आश्रमाला माफीचं पत्र लिहिलं. नवा बाक करायला दिला.

७ डिसेंबर, रविवार

दोन सकाळी ऑफिसआधी मी आईला नेलं, आज नवऱ्याने. एक दिवस कुणालाच जमलं नाही. त्या दिवशी मावशी दुपारी काही जेवली नाही, संध्याकाळी दूध प्यायली, असा फोन आला. आई नुसती "हं" म्हणाली आणि फोन ठेवून डाळ निवडत बसली. ती डाळ सकाळीच निवडून झाली होती.

बाबा गॅलरीत बसून असतात. गाडीकडे पाठ करून. मोजे घालूनच, पायांना थंडी वाजते म्हणतात. मी त्यांना सांगितलं की पेटी काढली आहे, गाडी मी पुन्हा तपासली आहे, ती पूर्ण निर्दोष आहे, तुम्ही उद्यापासून चालवा. "बघू," म्हणाले. माझ्यावर रागावले असणार. त्यांना हक्क आहे.

आईने मध्येच विचारलं, "त्या गाडीत दोनच पेडल ना गं?" मी म्हटलं, हो, का? "काही नाही, आपलं असंच."

१३ डिसेंबर, शनिवार

परवान्याचा अर्ज भरून नेला, फक्त सही बाकी होती. बाबा म्हणाले, पेन चालत नाही. दुसरं दिलं. तेही चालत नाही म्हणाले, झटकूनसुद्धा न बघता.

मग मी त्यांचंच शस्त्र काढलं. अठराव्या वर्षी मी शिकवणीची गाडी भिंतीवर घातली होती. रडत उतरले तर त्यांनी दहा मिनिटांत परत त्याच सीटवर बसवलं होतं. आज उतरलीस तर कायमची उतरशील, म्हणाले होते. ते सगळं मी त्यांना ऐकवलं. आवाजही थोडा त्यांच्यासारखाच झाला.

 "तेव्हा तुझ्या शेजारी मी होतो," म्हणाले. "माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक होता."

त्याचा इथे काय संबंध, कळलं नाही. पण मी हट्ट सोडणार नाही. मंगळवारी अर्धी रजा टाकून त्यांना परवाना कार्यालयात घेऊन जाणार. चूक माझ्या पेटीची आणि शिक्षा त्यांना, हे मला चालणार नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार

क्रमाने लिहिते.

दुपारी घरी आले. बाबा आंघोळीला गेले होते. कार्यालयात फोटो काढतात, नीट जावं, म्हणून त्यांचे तपकिरी बूट पॉलिशला घेतले. लहानपणी दर रविवारी ते काम माझं होतं. डाव्या हाताची मूठ बुटात घालायची आणि उजव्याने ब्रश मारायचा. उजव्या बुटात हात घातला तर बोटाला काहीतरी कडक लागलं. बूट उलटा केला. फरशीवर पडताना जो आवाज झाला तो मी झोपेतही ओळखेन.

दोन ग्रॅम.

आतल्या तळव्यात, अंगठ्याच्या मागच्या उंचवट्याखाली, त्याची खाच पडली होती. वजनाच्या आकाराची, कडा स्वच्छ, माझ्या पेटीतल्या मखमलीत आहे तशीच. खाचेभोवती तपकिरी, वाळलेलं.

४ नोव्हेंबरपासून १ डिसेंबरपर्यंत बाबा ते पायाखाली घेऊन चालले, जिने उतरले, गाडी चालवली.

मी वर गेले आणि ही वही काढली. ९ नोव्हेंबरचं पान. ३६, ३३, ३७. पायरीवरची चप्पल. टबातलं पाणी. साबण. सगळं माझ्याच अक्षरात, तारीखवार, एकही नोंद चुकलेली नाही. किराणावाल्याचं टेबल बघायला मी वाकले होते.

आणि अजून एक, ते लिहिलंच पाहिजे: गेले दहा दिवस मी त्यांना पुन्हा त्या गाडीत बसवायचा प्रयत्न करत होते. शेजारी आईला बसवून.

खाली गेले तेव्हा बाबा गॅलरीत पेपर घेऊन बसले होते. वजन पेपरवर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला.

"सापडलं का तुझं?"

"तुमच्या बुटात होतं. उजव्या."

त्यांनी ते उचललं, दोन बोटांत धरून फिरवलं. बराच वेळ. मग विचारलं, "टोचायला हवं होतं, नाही?"

 कधीपासून, एवढंच विचारलं. वर्ष झालं असेल, म्हणाले. आधी बोटं, मग तळवा, लोकरीवरून चालल्यासारखं. साखर आहे म्हटल्यावर असं व्हायचंच, म्हणून कुणाला बोलले नाहीत.

"गाडी ऐकत नाही म्हणालो ना, तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं गं. मग लक्षात आलं, गाडी ऐकते. पाय ऐकत नाही. पण तोवर तू कागद-पेन्सिल घेऊन बसली होतीस. म्हटलं, बघू, काही उपाय निघाला तर."

मी वजन परत मुठीत घेतलं.

"सातवर मीच नेली," ते म्हणाले. "आणि तू स्वतःला बोल लावून घेत होतीस तेव्हा गप्प बसलो. ते जास्त वाईट."

जाऊ द्या हो बाबा, असं तोंडावर आलं होतं. पण ते खोटं झालं असतं. मी म्हटलं, "हो. वाईटच." विद्यार्थ्याने बरोबर रेषेवर गाडी थांबवली की ते मान हलवत, तशी त्यांनी मान हलवली.

मग मी खाली बसून त्यांचा मोजा काढला. जखम नाण्याएवढी आहे. मी हात लावला तरी ते माझ्या चेहऱ्याकडेच बघत होते, पायाकडे नाही. मी हात लावला आहे की नाही, ते माझ्याकडे बघून कळतं का, हे बघत असावेत.

कार्यालयात गेलो नाही.

१७ डिसेंबर, बुधवार

खऱ्या डॉक्टरांकडे. बाबांनी सगळं स्वतःच सांगितलं, चप्पल, पाणी, ब्रेक, सात. मी फक्त तारखा सांगितल्या. जखम भरेल, पण सहा-सात आठवडे जपायचं. रोज पाय बघायचा, आणि हात घालून पाहिल्याशिवाय बूट घालायचा नाही. पायातली जाणीव परत येईल याची त्यांनी खात्री दिली नाही. गाडीचं बाबांनीच विचारलं. उत्तर ऐकून म्हणाले, "मलाही तसंच वाटलं."

घरी आल्यावर परवान्याचा अर्ज मला परत दिला. मागची बाजू कोरी आहे, वापर म्हणाले.

आईने विचारलं नाही आणि मी सांगितलंही नाही, पण तिने मोज्यांचा ढीग कपाटातून काढला आणि एकेक मोजा उजेडात धरून बघत बसली. मी साबणाला दोष देत होते, म्हणाली. मी म्हटलं, मीही नवा साबण आणून दिला. त्यावर आम्ही दोघी हसलो, आणि मग तिला जे रडायचं होतं ते रडली.

नवऱ्याची माफी मागितली. तो म्हणाला, उशिरा ऐकलंस, पण ऐकलंस.

१९ डिसेंबर, शुक्रवार

वजन सापडल्याचा अर्ज. त्यात रकाना आहे: सापडल्याचे ठिकाण. आधी 'राहत्या घरी' लिहिलं. ते खोटं नव्हतं. मग खोडलं आणि लिहिलं: वडिलांच्या उजव्या बुटात, तेथे अंदाजे सत्तावीस दिवस पायाखाली होते. साहेबांनी वाचलं, वर पाहिलं, वडील कसे आहेत विचारलं. नंतर वजन तपासायला घेतलं. चार मिलिग्रॅम कमी भरलं. एवढ्याशा वजनाला एवढी तूट चालत नाही. 'बाद' असा शेरा मारताना ते म्हणाले, काम प्रामाणिक केलं बिचाऱ्याने.

२८ डिसेंबर, रविवार

जेवताना मावशीच्या फेऱ्यांचं वेळापत्रक मांडत होतो. कसंही मांडलं तरी एक दिवस रिकामा राहत होता. आई वाढता वाढता म्हणाली, "मी शिकते."

कुणाला आधी कळलंच नाही. काय शिकतेस, नवऱ्याने विचारलं. "गाडी. दोनच तर पेडल आहेत."

आई चौसष्ट वर्षांची आहे. बाबांनी हातातला घास खाली ठेवला. "चाळीस वर्षं म्हणत होतो, तेव्हा नाही शिकलीस."

"चाळीस वर्षं तुम्ही म्हणत नव्हतात," आई म्हणाली, "ओरडत होतात."

बाबांनी यावर विचार केला. तसं दिसलं तरी. मग म्हणाले, आता नाही ओरडणार. आई म्हणाली, ते बघू. संध्याकाळी पाहिलं तर परवान्याच्या त्या अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ती रस्त्यावरची चिन्हं काढून पाठ करत होती. 'थांबा'चा अष्टकोन तिने पट्टी घेऊन आखला आहे.

११ जानेवारी, रविवार

आईला शिकाऊ परवाना मिळाला. पहिला धडा आज सकाळी, गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात. आई चालवायला, बाबा शेजारी, मी मागे. बाबांच्या पायात डॉक्टरांनी दिलेली मागून पट्टा असलेली चप्पल. घालण्याआधी त्यांनी आत हात फिरवून बघितला. गॅरेजवाल्या डॉक्टरने त्यांच्या बाजूला शिकवणीचा दुसरा ब्रेक बसवून देऊ का विचारलं होतं. बाबा नको म्हणाले. त्यावर आता माझा पाय असणार, मग उपयोग काय? त्याऐवजी दोन सीटांमधला हातब्रेक त्यांच्या हाताशी आहे. हात ठणठणीत आहे.

ते बोलायला लागले आणि मी अठरा वर्षांची झाले. आरसा आधी. सीट पुढे घे, तुझे पाय माझ्याएवढे नाहीत. स्टिअरिंग पकड, गळा नको दाबूस. आवाज मात्र हळू होता. मधूनमधून हळू ठेवावा लागत होता, ते ऐकू येत होतं.

आईने पेडलवर पाय ठेवला, पण इतका हलका की गाडी जेमतेम सरपटली. तिने अजून थोडा दाबला. काही नाही. ती वैतागून म्हणाली, "ऐकत नाहीये हो ही."

 मी खिडकीबाहेर बघायला लागले. आईलाही आपण काय म्हणून गेलो ते कळलं असावं, कारण तिच्या मानेमागचा भाग लाल झाला.

मग बाबा म्हणाले, "ऐकते ती. तू नीट सांग."

आईने सांगितलं. गाडी निघाली. मैदानाच्या अर्ध्यापर्यंत आम्ही सरळ गेलो, सायकलच्या वेगाने, आणि मग झाडं जवळ यायला लागली तसं आईने बाबांनी सांगण्याआधीच ब्रेक दाबला. तिघेही पुढे झुकलो आणि मागे आलो. गाडी थांबली.

बाबांच्या पायाखाली नुसती चटई होती. पूर्वी शेजारी बसले की विद्यार्थ्याच्या आधी त्यांचा पाय दाबला जायचा, मला तो अजून आठवतो. आजही तो दाबला गेला, गाडी थांबल्यानंतर.

किती उशिरा, ते मी मोजलं नाही.